क्लेटनचे सरपंच

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला ना भाडं सांगितलं, ना बाथरूम दाखवली. एक जुनं पाकीट उलटं करून माझ्यापुढे ठेवलं, हातात पेन दिलं आणि म्हणाले, "तू जिथे लहानाची मोठी झालीस तो रस्ता काढ. कुठल्या घरात कोण राहायचं तेही लिही."

पुण्याहून मेलबर्नला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. बॅगा एका हॉस्टेलात पडलेल्या, युनि सुरू झालेली, आणि क्लेटनमध्ये स्टेशनपासून चालत जाता येईल अशी परवडणारी खोली मिळणं म्हणजे नशीबच. म्हातारा जरा विचित्र आहे, असं आधी तिथे राहून गेलेल्या एका मुलीनं सांगितलं होतं. मी मुकाट्यानं कोथरूडची आमची गल्ली काढायला घेतली. आमची तीन मजली सोसायटी. शेजारी पिठाची गिरणी. तिच्या वर शिवणक्लासवाल्या बाई. समोर दातांचे डॉक्टर, त्यांच्या बंगल्यात मागे राहणारे पेन्शनर काका. चौकापर्यंत पोचले आणि कोपऱ्यावरच्या टेलरचं नाव काही केल्या आठवेना. ज्यानं माझे शाळेचे सगळे युनिफॉर्म शिवले त्याचं नाव. पेन तसंच हातात राहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरे," ते म्हणाले. "खोली तुझी. शिकतेस काय?"

"ट्रान्सपोर्ट इंजिनीअरिंग."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे रस्ते?"

"हो. रस्ते, पूल, फ्रीवे."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, गेली खोली. मग खांदे उडवून म्हणाले, "असो. टेलरचं नाव विसरल्याबद्दल रडणारी इंजिनीअर मी आजवर पाहिलेली नाही. किल्ली उजवीकडे फिरव, कुलूप जुनं आहे."

त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले. ते गेले त्यालाही आता दोन वर्षं होतील. आमचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, आणि सगळ्यांनी आपल्याला नावानं हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. पण आठवताना मात्र ते मला मराठीतच आठवतात, आणि मराठीत त्यांना अरे-तुरे करणं जमत नाही. मी आणि माझी हाउसमेट मृण्मयी, ती नागपूरची, आम्ही आपसात त्यांना 'सरपंच' म्हणायचो.

सरपंच कृष्णवर्णीय अमेरिकन होते, मूळचे डेट्रॉइटचे. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र दाढीचे. तरुणपणी मेलबर्नला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि युनिमध्ये अमेरिकन शहरांचा इतिहास शिकवून रिटायर झाले. बायको मी येण्याआधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. विटांच्या त्या बैठ्या घरात मागे ऐसपैस अंगण होतं, त्यात अंजिराचं झाड, सावली, बाक, सगळं होतं. पण सरपंच मागे कधी बसायचे नाहीत. रोज संध्याकाळी चार घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून ते पुढे जायचे आणि फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधल्या गवताच्या पट्टीवर मांडायचे. एका खुर्चीवर स्वतः. बाकीच्या तीन, जो येईल त्याच्यासाठी.

ऑस्ट्रेलियात असं कुणी करत नाही. इथलं सगळं जगणं घराच्या मागच्या बाजूला. बार्बेक्यू मागे, मुलं मागे, कुत्रं मागे. पुढे फक्त कापलेलं गवत आणि रिकामा रस्ता. लोक गाडीतून येतात, गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. सरपंचांना हे अजिबात मान्य नव्हतं. भाडेकरूंनी आठवड्यातून निदान एकदा तरी पुढे येऊन बसायचं, ही त्यांची एकमेव अट. बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतोय रस्ता?" आणि दुसरा, "डावीकडच्या घरात कोण राहतं?" पहिल्या महिन्यात मला हे सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी मला उठवलं आणि मुकाट्यानं डावीकडच्या घराच्या दारापर्यंत नेऊन बेल वाजवली. आत एक श्रीलंकन नर्स होती. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. ते तिला म्हणाले, "हिला तुमचं नाव माहीत नाही. एवढंच काम होतं."

काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस एकदा गाडी थांबवून म्हणाला होता, सार्वजनिक जागेत फर्निचर ठेवता येत नाही. सरपंच शांतपणे म्हणाले, "मी ठेवत नाही. मी बसतो. उठलो की घेऊन जातो." तो माणूस दोन मिनिटं विचार करत उभा राहिला, मग शेजारच्या खुर्चीवर बसला आणि आपल्या बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलून गेला.

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे याला ओटा म्हणतात. घरापुढचा ओटा, येणारा-जाणारा टेकतो तो. त्यांना तो शब्द फार आवडला. 'ट' त्यांना जमत नसे, 'ओडा' म्हणायचे. त्या ओड्यावर बसून त्यांनी मला त्यांचा डेट्रॉइटमधला रस्ता सांगितला. एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं, कधी उपमा खाताना, कधी शर्टाचं बटण शिवताना. उपमा मृण्मयी करायची. त्यांच्या लहानपणी मक्याच्या जाड्या रव्याची पेज असायची सकाळी, लोणी आणि मीठ घालून. उपमा त्यांना त्याचाच लांबचा भाऊ वाटायचा. मोहरी तेवढी काढून ठेवायचे.

त्यांचे वडील दक्षिणेकडून मोटारीच्या कारखान्यात कामाला आलेले. काळ्या लोकांना त्या शहरात दुसरीकडे घरं मिळत नसत, म्हणून डॉक्टर, न्हावी, शाळामास्तर, भट्टीवरचा मजूर, चर्चचा पाद्री सगळे त्याच चार-पाच रस्त्यांवर. लाकडी घरं, खेटून खेटून. उन्हाळ्यात संध्याकाळी अख्खा रस्ता आपापल्या ओट्यावर. कुणी शेंगा सोलतंय, कुणी कुणाच्या मुलीचे केस विंचरतंय. ते म्हणायचे, "टीव्ही आला तेव्हा अर्धे लोक आत गेले. एसी आला तेव्हा खिडक्या बंद झाल्या. आणि फ्रीवे आला तेव्हा रस्ताच गेला." फ्रीवेसाठी सगळी वस्ती पाडली. ते तेव्हा दुसऱ्या गावी कॉलेजात होते. सुट्टीत परत आले तेव्हा घराच्या जागी खोल खणलेला खंदक होता.

मी एकदा विचारलं, "पण तिथे तुम्हाला कोंडूनच ठेवलं होतं ना? मग ते मोडलं याचं इतकं वाईट का वाटतं?"

त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. वर्गात असा प्रश्न आला की ते असंच बघत असणार. "तो रस्ता आम्हाला सक्तीनं मिळाला होता," ते म्हणाले, "आणि सक्तीनंच काढून घेतला. मधल्या वर्षांत आम्ही तो आपला केला होता. ते मधलं कुणाच्या नकाशात येत नाही."

माझ्या आईला मी फक्त 'घरमालक अमेरिकन आहेत, रिटायर्ड प्रोफेसर' एवढंच सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर ते पहिल्यांदा माझ्यामागून डोकावले, तेव्हा आईनं गाउनवर घाईनं ओढणी घेतली आणि इंग्रजीत "हाऊ आर यू सर" म्हणाली. नंतर मला म्हणाली, "तू बोलली नव्हतीस ते."

"काय बोलले नव्हते?"

"काही नाही." आणि मग, "एकटेच असतात का? जेवणाचं काय करतात?"

पुढच्या आठवड्यापासून आईच्या कॉलमध्ये त्यांची चौकशी ठरलेली. आणि अशाच एका कॉलवर ती प्रसिद्ध चर्चा झाली. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. सरपंचांना कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. माझ्या शेजारी येऊन बसले आणि मला म्हणाले, "आईला विचार, शेजारी सगळे पांगतील, तिला कसं वाटतंय."

मी विचारलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, माझे गुडघे बघा आधी. पंचवीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर चढतेय. आता लिफ्ट मिळणार, पाणी चोवीस तास मिळणार. आणि पांगतील कुठे? दोन वर्षांनी सगळे परत त्याच जागी. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी तर टाइल्सपण निवडल्या."

मी भाषांतर केलं. सरपंच ऐकत राहिले. मग म्हणाले, "ती निवडतेय. तिला विचारलंय कुणीतरी. आमच्या आईला कुणी विचारलं नव्हतं." आणि कॉल संपल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसायला लागले. "तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवलं की जुनी वस्ती मोडणं म्हणजे दुःख. तुझ्या आईनं गुडघे दाखवून माझं अख्खं लेक्चर मोडीत काढलं."

रस्त्यावर त्यांची सगळ्यांत जुनी ओळख म्हणजे समोरची ग्रीक आजी. नवऱ्यामागे कायम काळे कपडे, बुटकी, दणकट. ती आणि तिचा नवरा दोघंही इथल्या मोटार कारखान्यात लाइनवर काम करायचे, त्यामुळे सरपंचांची आणि तिची पहिल्यापासून दोस्ती. ते या रस्त्यावर राहायला आले तेव्हा बाकीच्या घरांचे पडदे म्हणे जरासे हलले आणि परत बंद झाले. ही मात्र ॲप्रनला हात पुसत रस्ता ओलांडून आली, त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू उंच. चल." वरच्या फळीवरून तिला एक मोठं पातेलं काढून हवं होतं. ते काढून दिलं, तिनं पिशवीभर लिंबं दिली, आणि तिथून पुढे चाळीसेक वर्षं तिचं वरच्या फळीवरचं सगळं सरपंचच काढून देत होते.

मला ती 'कुकला' म्हणायची. ग्रीकमध्ये बाहुली. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या गॅरेजमध्ये टोमॅटोचा सॉस व्हायचा, तेव्हा आम्ही सगळेच राबायचो. मी आणि मृण्मयी टोमॅटो धुवायचो, सरपंच मशीनचा दांडा फिरवायचे, आणि आजी कुणालाच नीट जमत नाही म्हणून ओरडायची. मृण्मयी म्हणायची, "आमच्या नागपूरला पापडाच्या वेळी आजी अशीच करते न. सेम टू सेम."

माझी पदवी झाली, शहरात एका डिझाइन फर्ममध्ये नोकरी लागली, तरी मी खोली सोडली नव्हती. त्याच वर्षी आजीच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली. आजीचं विसरणं वाढलं होतं. एकदा गॅस तसाच चालू राहिला. जवळच ग्लेन वेव्हर्लीला राहणाऱ्या मुलानं तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. पाटीवर घराचा फोटोही धड नव्हता. मोठ्या अक्षरांत जागेची लांबी-रुंदी आणि खाली, चार टाउनहाउस बसतील. सरपंच ती पाटी रोज वाचायचे. खुर्च्या मांडायचे, बसायचे, आणि रस्ता काय म्हणतोय हे विचारायचे नाहीत.

इथे घराचा लिलाव घरासमोर होतो. शनिवारी सकाळी लिलाववाला सूट घालून ड्राइव्हवेवर उभा राहतो, विकत घेणारे घोळक्यानं उभे राहतात, आणि अख्खा रस्ता कॉफीचे कप घेऊन बघायला येतो. त्या दिवशी सरपंचांनी कोट घातला होता. लिलाववाल्यानं जागेचं कौतुक केलं. स्टेशन जवळ, युनि जवळ, हॉस्पिटल जवळ. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "बोली सुरू करण्याआधी कुणाला काही प्रश्न?"

सरपंचांनी हात वर केला. "प्रश्न नाही. एक राहिलंय ते सांगतो."

आणि ते बोलायला लागले. वर्गात बोलावं तसं, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हे घर कुणी बांधलं. नवरा-बायको आळीपाळीनं शिफ्ट करायचे आणि मधल्या तासाभरात एकत्र विटा रचायचे. मागचं लिंबाचं झाड कुणाच्या बारशाला लावलं. या गॅरेजमध्ये किती लग्नांची जेवणं उठली. तिसऱ्या घरातला व्हिएतनामी माणूस नवीन आला होता आणि त्याच्या बायकोला मूल झालं, तेव्हा पंधरा दिवस सूप कुठून जात होतं. लोक ऐकत होते. एका बाईनं डोळे पुसले. बोली लावायला आलेलं एक तरुण जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. लिलाववाला घड्याळाकडे बघत होता. आणि आजी, जिला मुलानं चांगला ड्रेस घालून खुर्चीवर बसवलं होतं, ती उठली, दाराकडे गेली आणि चौकट धरून ग्रीकमध्ये रडायला लागली. मला ग्रीक येत नाही. पण 'मी जाणार नाही' हे कुठल्याही भाषेत कळतं.

तिला आत नेऊन शांत करायला बराच वेळ लागला. लिलाव झाला, टाउनहाउसवाल्या बिल्डरनंच घर घेतलं. लोक पांगल्यावर आजीचा मुलगा रस्ता ओलांडून आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, साधा माणूस. आवाजही चढवला नाही त्यानं.

"तिला कसंबसं तयार केलं होतं मी," तो म्हणाला. "महिने लागले. काल रात्री ती स्वतःहून म्हणाली, चल जाऊ. आणि तू अख्ख्या रस्त्यासमोर तिला परत सगळं आठवायला लावलंस."

"ते खरं होतं," सरपंच म्हणाले.

"खरं आहेच. मी त्या गॅरेजमध्ये वाढलोय, मला सांगू नकोस. पण तिला आंघोळ मी घालतो. पहाटे उठून नाइटगाउनमध्ये स्टेशनकडे चालायला लागते, तेव्हा शोधायला मी जातो. तू खुर्चीवर बसून बघतोस, मेट. बघणं सोपं असतं."

तो गेला. सरपंच तसेच उभे होते. मी हात धरून त्यांना आत आणलं. त्या संध्याकाळी, आणि नंतर कितीतरी संध्याकाळी, खुर्च्या बाहेर गेल्या नाहीत.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तेव्हा ते येऊन बसले आणि काही प्रस्तावना न करता म्हणाले, "माझा एक मोठा भाऊ आहे."

इतक्या वर्षांत भावाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. रस्त्यावरच्या न्हाव्याच्या मांजराचं नाव मला माहीत होतं, भावाचं नाही.

भाऊ पाडकामाच्या कंपनीत होता. त्यांची वस्ती पाडायचं काम त्याच कंपनीला मिळालं, आणि भावानं त्या कामावर जायला नकार दिला नाही. इतकंच नाही, आपलं राहतं घर त्यानं स्वतःच्या हातानं पाडलं. हे त्यांना कॉलेजातून घरी आल्यावर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तोवर घरचे एका भाड्याच्या जागेत गेले होते. जेवणाच्या टेबलावर, आईसमोर, ते भावाला नको नको ते बोलले. पगारासाठी आईचं घर पाडणारा म्हणाले. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. एका शब्दानं उत्तर दिलं नाही. सरपंच त्याच रात्री निघाले. पुढे ऑस्ट्रेलियाला आले. आईच्या अंत्यविधीला गेले तेव्हाही भावापासून चार बाकं दूर बसले.

"पन्नासहून जास्त वर्षं," ते म्हणाले. "त्या दिवशी आजीचा मुलगा माझ्यासमोर उभा होता, तेव्हा मला वाटलं माझा भाऊच बोलतोय. त्यानं तेव्हा जे बोलायला हवं होतं ते."

मागे उभी असलेली मृण्मयी म्हणाली, "अहो, पण भाऊ आहेत का अजून?"

ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या जुन्या चर्चच्या ऑफिसात फोन करून नंबर मिळाला. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला, उभ्यानं. आपलं नाव सांगितलं. मग एक खरखरीत म्हातारा आवाज आम्हालाही ऐकू आला, "बराच वेळ लावलास."

महिनाभरानं ते डेट्रॉइटला गेले. तिथून एकच मेसेज आला, 'पोचलो. थंडी आहे.' मी रोज फोन बघायचे. तीन आठवड्यांनी त्यांना आणायला एअरपोर्टवर गेले तेव्हा ते ट्रॉली ढकलत बाहेर आले, नेहमीसारखे ताठ, पण चेहरा झोप न झालेल्या माणसाचा. कार पार्कमध्ये गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार, तर म्हणाले, "थांब जरा."

मग समोरच्या काँक्रीटच्या खांबाकडे बघत त्यांनी सांगितलं.

"आईनं सांगितलं होतं त्याला. वस्ती जाणार हे नक्की झाल्यावर ती म्हणाली, कुणीतरी पाडणारच आहे, तर परक्याचा हात लागू देऊ नकोस. तो मुकादमाकडे गेला आणि आमचं घर मागून घेतलं. बाकी घरं मशीननं एकेका धक्क्यात जात होती. आमचं त्यानं हातानं उतरवलं. छपरापासून. मुकादम शिव्या देत होता, दिवसाचा पगार कापला त्याचा. आई समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होती, सकाळपासून. स्वयंपाकघर त्यानं सगळ्यांत शेवटी ठेवलं. तिथे हात लावायच्या आधी त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मग लावला."

मी किल्लीवरून हात काढून घेतला.

"मी विचारलं त्याला, त्या दिवशी जेवताना हे सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तू इतकं छान बोलत होतास. आई तुझ्याकडे बघत होती, मुलगा शिकला म्हणून. मला मोडवेना."

शेजारच्या गाडीत कुणीतरी सामान भरत होतं. डिकी बंद झाल्याचा आवाज आला. सरपंचांनी रुमाल काढून चष्मा पुसला, दोन्ही काचा, नीट.

"चल," ते म्हणाले. "पण घरी नको. आधी ग्लेन वेव्हर्लीला घे."

"आत्ता? चोवीस तासांचा प्रवास करून आलायत तुम्ही."

"आत्ताच."

पत्ता माझ्याकडे होता, आजीला भेटायला मी आणि मृण्मयी मधूनमधून जायचो. ते मात्र लिलावापासून गेले नव्हते. शाळा सुटायची वेळ होती. ग्लेन वेव्हर्लीत शाळांपुढे गाड्यांच्या रांगा, आम्ही मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होतो. त्यांनी वाटेत फुलं घेतली नाहीत, काही घेतलं नाही. एकदाच म्हणाले, "तो आत घेईल ना?" मी म्हटलं, माहीत नाही.

बेल त्यांनीच वाजवली. आजीच्या मुलानं दार उघडलं. शॉर्ट्स, खांद्यावर टॉवेल, एका हातात वाटी-चमचा. सरपंचांना पाहून तो दारातच थांबला.

"मी एक सांगायला आलोय," सरपंच म्हणाले. "त्या दिवशी तू म्हणालास ते बरोबर होतं. मी बघत होतो. काम तू करत होतास." पुढचं वाक्य त्यांनी गाडीत जुळवून ठेवलं असणार, पण ते आलंच नाही. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला तो माणूस दारात नुसता उभा राहिला.

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गाडीच्या मागच्या सीटवर दिसणाऱ्या बॅगांकडे. "एअरपोर्टवरून सरळ आलायस की काय?"

"हो."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि दार पूर्ण उघडलं. "आत या. जेवण सुरू आहे तिचं. आज माझ्या हातून खात नाहीये."

आजी खिडकीशी बसली होती, पुढे टेबल, गळ्याला रुमाल. आम्ही आत गेलो तरी तिनं मान वळवली नाही. तिला आता बऱ्याचदा कुणीच ओळखू येत नसे. मुलानं हातातली वाटी सरपंचांच्या हातात दिली आणि स्वतः सोफ्यावर बसला. बसल्याबरोबर डोळे मिटले त्यानं.

सरपंच तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. इतक्या उंच माणसाला खाली बसायला वेळ लागला, मी हात दिला. त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली, तिच्या तोंडाशी नेला. आजीनं चमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ.

मग तिनं तोंड उघडलं.